खिळ्यावरची पिशवी

ऐरोलीच्या आमच्या घरात कपाट होतं असं म्हणणं जरा धाडसाचंच होतं. सोडतीत लागलेलं घर ते. बांधणाऱ्यांनी आतल्या खोलीच्या भिंतीत एक खोबण सोडली होती आणि तिच्यात कडाप्प्याच्या काळ्या फळ्या बसवून हात झटकले होते. दार नव्हतं. दार ज्याचं त्याने बसवायचं, असा एकूण हिशेब. दार बसवायला सुतार बोलावला, त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग मी तिथे पडदा लावला. लग्नात कुणीतरी दिलेली एक साडी होती, आमसुलाच्या सारासारख्या रंगाची. ती नेसून बाहेर पडायची माझी हिंमत नव्हती, पडदा म्हणून मात्र ती झकास शोभली.

त्या पडद्यामागे आमचा सगळा संसार कोंबलेला होता. माझ्या ऑफिसच्या साड्या, नवऱ्याच्या पँटी, लेकीचे झबल्यापासूनचे सगळे कपडे, पांघरुणं, देण्याघेण्याचे ब्लाउजपीस, लग्नातला सूट, आणि नवऱ्याची कॉलेजची पुस्तकं. ही पुस्तकं तो पुन्हा वाचणार होता. कधी, ते विचारायचं नाही. पडदा बाजूला केला की वरच्या फळीवरून काहीतरी डोक्यात पडायचंच. मी ऑफिसला निघताना रोज एकदा तरी त्या खोबणीशी भांडायचे, आणि खोबण उत्तर देत नाही म्हणून मग नवऱ्याशी.

अशा घरात माझी सासू राहायला आली.

सासरे जाऊन वर्ष झालं होतं. गावाकडच्या घरात, कोकणात, ती एकटीच होती. एका सकाळी विहिरीवरून पाणी आणताना तिला चक्कर आली आणि ती खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पडली. शेजारची बाई काही मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशीच पडून राहिली असती कोण जाणे. नवरा पहिल्या एसटीने गेला आणि तिला घेऊन आला. ती आली ती एक पिशवी घेऊन. खाकी कॅनव्हासची, मोठी, तोंडाला चेन आणि बाजूला चेनचा खण असलेली. सासऱ्यांनी मुंबईच्या खेपांसाठी गावच्या शिंप्याकडून शिवून घेतलेली. तिच्या बोलीत पिशवीला ‘पिशी’ म्हणतात. आल्या आल्या, चहासुद्धा घ्यायच्या आधी, तिने लेकाला सांगितलं, “हंय एक खिळो मार रे, माझी पिशी टांगूक.”

खिळा मारला. पिशवी टांगली. आणि मग ती म्हणाली, “गणपतीक जातलंय ती थंयच रवतलंय. तवसर आसंय हंय.”

म्हणजे गणपतीला सगळे गावी जाऊ तेव्हा ती तिकडेच राहणार, तोवर इथे. शिमगा नुकताच झाला होता. गणपती लांब होते. नवरा म्हणाला, “बघू गं, तेव्हाचं तेव्हा.” पण ती बाई बोलल्या शब्दाची पक्की होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ती त्या पिशवीतच राहायची. दुसरा शब्द नाही मला सुचत. सकाळी पिशवीतून लुगडं काढायची, संध्याकाळी दोरीवरचं वाळलेलं लुगडं घडी करून पिशवीत ठेवायची, वर तिची गोळ्यांची डबी, फणी, जपमाळ, आणि चेन ओढून बंद. एसटी दारात उभी आहे आणि कंडक्टरने घंटा मारली की निघायचंय, अशी तयारी. मी ते रोज बघत होते आणि रोज माझा जीव खालीवर होत होता.

कारण मला ती हवी होती. हे स्पष्टच सांगते. सुनेने असं म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, हसोत. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. ऑफिसातून ठाण्याची बस धरून, खाडीवरून येणारा तो खारट उग्र वास नाकात घेत घरी यावं, तर दार उघडं असावं, आत भाताला वाफ आलेली असावी, लेक कुणाच्या तरी मांडीवर गोष्ट ऐकत असावी, हे सुख मला पहिल्यांदा तिने दिलं. तिच्या बोलीतले निम्मे शब्द मला कळायचे नाहीत, मी देशावरची. पण ती बोलत असली की घर भरलेलं वाटायचं. आणि दुसरं म्हणजे ते खळं. ती पुन्हा तिथे पडली आणि शेजारीण काही मागायला आलीच नाही तर? हा विचार मी रोज बसमध्ये करायचे.

माझं निदान सोपं होतं. या बाईला घरात जागाच नाही, मग ती राहील कशी? पिशवी खिळ्यावर आहे कारण पडद्यामागे तिच्यासाठी वीतभर जागा नाही. जागा करा, पिशवी रिकामी होईल. पिशवी रिकामी झाली की बाई राहील.

माझं असं व्हायचं कारण माझं माहेर. वडिलांची बदलीची नोकरी. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं, घर बदलायचं, शाळा बदलायची. बदलत नसे ती फक्त आपापली ट्रंक. आम्हा भावंडांची प्रत्येकाची एक ट्रंक होती, वर नाव रंगवलेली. माझी ट्रंक जिथे ठेवली ते माझं घर, इतकं साधं होतं. दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावला तर मारामारी. त्यामुळे माणसाला आपलं म्हणायचं तर त्याला आपला स्वतंत्र कोपरा द्यायचा, हे माझ्या हाडात होतं. त्यात एका मासिकात लहान घरातल्या कपाटावर लेख आला होता. त्यातही तेच लिहिलं होतं, प्रत्येकाला आपला कप्पा. मला तर देवच पावला.

पैसे खर्च न करता जे काही करता येईल ते करायचं, असं मी ठरवलं. पहिल्यांदा सगळं बाहेर काढलं. पलंग दिसेनासा झाला. लेक त्या ढिगावर चढून बसली आणि नवरा दारात उभा राहून म्हणाला, “बाप रे. एवढं सगळं आत मावत होतं?”

“मावत नव्हतं,” मी म्हटलं. “रोज माझ्या डोक्यात पडत होतं.”

पुढच्या रविवारी बोहारीण आली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. तिच्यापुढे मी नवऱ्याच्या घट्ट झालेल्या पँटी, विटलेल्या चादरी आणि तो लग्नातला सूट ठेवला. सुटावरून घरात थोडं युद्ध झालं. नवऱ्याचं म्हणणं, तो बारीक होणार होता. मी म्हटलं, “हो ना, पुस्तकं वाचून झाली की.” मला एक झाकणाचा मोठा डबा हवा होता, पांघरुणं ठेवायला. बोहारीण एका छोट्या पातेल्यावर अडून बसली. एक पँट उचलून म्हणाली, “ये तो फटेली है, बाई.”

तोवर सासू आत तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती बाहेर आली. पँट हातात घेतली, उजेडाकडे धरली, पाय ताणून बघितले.

“फाटलेली खंय आसा? दाखव माका! हंय? ह्यो खिसो आसा गो, खिसो! खिशाक भोक आसताच!”

बोहारणीला मालवणी येत नव्हती आणि सासूला हिंदी. पण दोघींना घासाघीस येत होती, तेवढं पुरलं. चांगलं तासभर चाललं ते. शेजारची दारं उघडली, माणसं जिन्यावर येऊन उभी राहिली. शेवटी बोहारणीने कपाळावर हात मारला आणि मोठा डबा पुढे सरकवला, वर एक वाटी. सासू माझ्याकडे बघून हसली. ती या घरात इतक्या मोठ्या आवाजात पहिल्यांदाच बोलली होती. मला वाटलं, झालं, आता निम्मं काम झालं.

बाकीचं निम्मं मी हौसेने केलं. मिठाईचे आणि चपलांचे खोके जुन्या कॅलेंडरच्या कागदाने मढवले. त्यात मोजे, रुमाल, लेकीच्या रिबिनी. नवरा रबाळ्याला कारखान्यात होता. तिथल्या भंगारातून त्याने साहेबांना विचारून एक पाइपचा तुकडा आणला. तो खोबणीत आडवा बसवला आणि लाँड्रीतून आलेल्या तारेच्या हँगरांवर त्याचे शर्ट टांगले. चादरींचे संच त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात भरले, म्हणजे चादर शोधताना सगळा डोंगर कोसळायला नको. हवेला ओल असायची, कपड्यांना बुरशी धरायची, म्हणून प्रत्येक फळीवर डांबराच्या गोळ्या. पुस्तकं खाटेखाली गेली. नवऱ्याने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी विसरला.

मग मी कप्पे वाटले. सगळ्यात वरचा पांघरुणांचा. त्याखालचा माझा. सगळ्यात खालचा लेकीचा, तिचा हात पोचेल असा. नवऱ्याचे कपडे पाइपवर आणि कडेला. आणि मधला, कमरेच्या उंचीचा, जिथे वाकायला नको आणि टाचा वर करायला नकोत, तो सगळ्यात चांगला कप्पा मी सासूसाठी ठेवला. तिचे गुडघे दुखायचे. त्या फळीवर मी नवा कोरा कागद अंथरला. एक गोळी जास्त ठेवली. काही म्हणजे काही ठेवलं नाही तिथे, पूर्ण मोकळा. नवऱ्याला म्हटलं, “बघ, घरातला हा एकच रिकामा कप्पा आहे.”

तिला हाताला धरून आत नेलं आणि पडदा बाजूला सारला. “आई, हा तुमचा. फक्त तुमचा. ह्यात दुसऱ्या कुणाचं काही येणार नाही.”

ती बघत राहिली. मग तिने कागदावरून हात फिरवला. “बरां आसा,” म्हणाली, आणि बाहेर जाऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

पिशवी खिळ्यावरच राहिली.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. कप्पा तसाच, कागद करकरीत. मी स्वतःला समजावलं, सवय व्हायला वेळ लागतो. पण नंतर जे सुरू झालं त्याने मी गोंधळलेच. सकाळी न्हाणीच्या दारात उभी राहून ती विचारायला लागली, “माझी बादली खंयची गो?” घरात दोनच बादल्या होत्या आणि आजवर ती हाताला येईल ती घेत होती. मग म्हणाली, “माझो पेलो खंयचो?” मग जेवायला आमच्याबरोबर बसेनाशी झाली. तुम्ही जेवा, मी मागाहून बसते. जेवण झालं की आपलं ताट आपणच घासून वेगळं उपडं घालायची. पूर्वी मी ऑफिसातून आले की तिची दिवसभराची बातमीपत्रं सुरू व्हायची, कोण भांडलं, मासेवालीने काय भाव लावला. ती बंद झाली. आता ती खिडकीत बसायची आणि गणपतीला किती दिवस राहिले ते लेकाला विचारायची.

“आईला काय झालंय?” मी नवऱ्याला विचारलं.

“काय नाय गं. गावची आठवण येत असेल. तू टेन्शन घेऊ नकोस.”

टेन्शन घेऊ नकोस म्हणणाऱ्या माणसाइतका राग मला कुणाचाच येत नाही. मी टेन्शन घेतलं. आणि माझा स्वभाव असा की टेन्शन फार दिवस आत राहत नाही, बाहेर पडतंच. एका सुटीच्या दिवशी दुपारी नवरा लेकीला घेऊन खाली गेला होता. सासूने धुतलेलं आपलं ताट नेऊन खिडकीच्या कट्ट्यावर वेगळं ठेवलं आणि माझा तोल गेला.

“आई, हे काय चाललंय? तुम्ही ह्या घरात पाहुण्या आहात का? मी एवढी खपून तुमच्यासाठी जागा केली, सगळ्यात चांगला कप्पा दिला तुम्हाला. तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही. बादली वेगळी, पेला वेगळा, ताट वेगळं. मी तुमचं काय केलंय?”

माझा आवाज चढला होता आणि शेवटी शेवटी फुटला. ती रागावली नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं.

“मी खंय वेगळां करतंय?” ती म्हणाली. “तूच माका वेगळां काढलंस मा? कप्पो दिलंस.”

मला काही कळेना. मी पलंगावर बसले. ती खाली बसली, पाय लांब केले, गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगू लागली.

तिच्या सासरी जावा पुष्कळ. मोठं घर, माजघरात आढ्याला टांगलेली एक लांब दांडी, आणि सगळ्या बायकांची लुगडी त्या एका दांडीवर. कुणाचं कुठलं ते बघायचं नाही, सकाळी हाताला येईल ते ओढायचं आणि नेसायचं. नवी सून आली की तिच्या माहेरची लुगडीसुद्धा त्याच दांडीवर जायची. ती गेली की ती घरची झाली. मग थोरल्या जावेने एके दिवशी आपली लुगडी त्या दांडीवरून काढली आणि दुसऱ्या खोलीत दुसरी दांडी बांधून तिच्यावर घातली. माझी सासू तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिला वाटलं, धुवायला काढली असतील.

“आदी दांडी वेगळी झाली,” ती म्हणाली. “मगे चूल. मगे भिंत.”

भिंत तिने हाताने हवेत ओढून दाखवली. तिच्या लेखी माणसाला घरातून काढायचं तर असंच काढतात, आरडाओरडा न करता, छान कागद अंथरून. सून शिकलेली, तोंडाने काही बोलणार नाही, म्हणून तिने कप्पा दिला. एवढं कळलं म्हणून तीही काही बोलली नाही. बादली आणि पेला विचारला तो मला त्रास नको म्हणून. आणि मी तिला म्हटलं होतं, ह्यात दुसऱ्या कुणाचं काही येणार नाही. ते वाक्य तिने माझ्याच आवाजात मला परत म्हणून दाखवलं.

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी तिला माझ्या ट्रंकेची गोष्ट सांगितली. नाव रंगवलेली ट्रंक, तिला कुणी हात लावलेला मला चालायचा नाही, आणि नव्या गावात नव्या घरात ती कोपऱ्यात ठेवली की मला रडू यायचं थांबायचं. तिने नीट ऐकून घेतलं. मग फार कीव आल्यासारखी माझ्याकडे बघून म्हणाली, “येवढ्याशा पोरांक वेगयेगळे ट्रंको? अरे देवा.”

मी उठले. पडदा सारला आणि कप्प्यांतलं सगळं पुन्हा पलंगावर काढायला लागले. ती “काय करतंस, काय करतंस” म्हणत राहिली. मी खिळ्यावरची पिशवी काढून तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, “उघडा.” पिशवीला मी हात लावणार नव्हते, ट्रंकेची सवय जात नाही. तिने चेन उघडली. तिची लुगडी निघाली, मऊ, धुवून धुवून पातळ झालेली, त्यांना नारळाच्या तेलाचा आणि धुराचा वास.

त्या दुपारी आम्ही दोघींनी कपाट नव्याने लावलं. आता माणसांप्रमाणे नाही, वस्तूंप्रमाणे. सगळं नेसायचं एका फळीवर. माझी पाचवारी, तिचं नऊवारी, पुन्हा माझी, पुन्हा तिचं, हाताला येईल तसं. तो कमरेच्या उंचीचा कप्पाच त्यासाठी घेतला. सगळे टॉवेल एका जागी, आतले कपडे एका खोक्यात, अंगावर घ्यायचं सगळं डब्यात. आणि गंमत म्हणजे जागा वाढली. चार माणसांच्या चार अर्धवट चळती होत्या, त्यांच्या दोन गच्च चळती झाल्या. मासिकवाल्यांना हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी नवरा आला, त्याने बनियन शोधायला खोक्यात हात घातला आणि बाहेर काढलं ते लेकीचं झबलं. तो काही बोलणार तेवढ्यात आईचा आवाज आला, “सोद नीट. सगळ्यांचा एकत्र आसा.” तो बिचारा शोधत बसला.

त्या रात्री ती आमच्याबरोबर जेवायला बसली आणि मासेवालीची बातमी पुन्हा सुरू झाली.

पण पिशवी परत खिळ्यावर गेली. रिकामी झाली होती, घडी करून टांगली होती, तरी होतीच. आणि गणपतीचं काय, ते कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मला वाटायचं, तोंडातून प्रश्न निघाला आणि ती म्हणाली, “जातलंय,” तर ते पक्कंच झालं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. खोबणीच्या एका बाजूच्या भिंतीला मला कापडाचे खण लावायचे होते, सेफ्टी पिना, कंगवे, औषधं, रिबिनी अशा बारीकसारीक गोष्टींना. जाड कापड हवं होतं. महिनाअखेर होती. मी म्हटलं, पगार झाला की बाजारातून आणू. सासू म्हणाली, “बघू.”

श्रावण लागला. नवरा एसटीच्या तिकिटांना निघाला. दारात चपला घालताना त्याने हळूच मला विचारलं, “आईचं परतीचं काढू?”

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. ती नारळ खवत होती. “विचार की तूच,” मी म्हटलं.

“तू विचार.”

दोघांनीही विचारलं नाही. तो आमची तिघांची जाण्यायेण्याची आणि तिचं फक्त जाण्याचं तिकीट काढून आला. तिकिटं त्याने देवाच्या फळीवर ठेवली. मी ती बघितली आणि रात्री नीट जेवले नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारी होती. शेजारीण म्हणाली, आजी नातीला घेऊन खाली गेल्यात, येतील. मी कुलूप उघडून आत गेले, दिवा लावला, आतल्या खोलीत पर्स टाकली आणि सवयीने खिळ्याकडे बघितलं.

खिळा रिकामा होता.

नातीला घेऊन ती काही गावी जाणार नाही हे मला कळत होतं. पण कळण्याचा काही उपयोग नव्हता. आज पिशवी काढून भरून ठेवली असणार, गणपतीला अजून आठवडा आहे तरी आजच भरली असणार, तीच तिची पद्धत. लुगडी गेली असतील फळीवरून. मी पडदा ओढला.

लुगडी जागेवर होती, माझ्या साड्यांत मिसळलेली. आणि बाजूच्या भिंतीवर, वरून खालपर्यंत, खाकी कॅनव्हासचे खण लटकत होते. एकाखाली एक, काळ्या दोऱ्याने हाताने घातलेले बारीक टाके, प्रत्येक खणाला वर दुमड घालून पक्की केलेली. एकात पिना, एकात फण्या, तिची आणि माझी, एकात लेकीच्या रिबिनी. सगळ्यात वरच्या खणाला चेन होती. सासऱ्यांच्या पिशवीची चेन. मी ती ओढली. आत तिच्या गोळ्यांची डबी होती आणि तिच्याशेजारी माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या.

जिन्यात लेकीची बडबड ऐकू आली. सासू दारात आली, हातात कोथिंबिरीची जुडी, दम लागलेला. मी पडदा धरून तशीच उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग खणांकडे.

“धा दुपारी गेले,” ती म्हणाली. “तू घरात नसतंस तेवां शिवी, सांजेक घडी घालून परत खिळ्याक टांगी. कॅनव्हास लय घट. सुई मोडली तुझी एक.”

“आई, पिशवी कापलीत?”

“मगे? कापड इकत घेवचां कशाक?”

“अहो, बाबांची पिशवी होती ती.”

“तेंचीच तर.” तिने वरच्या खणाची चेन एकदा पुढे-मागे करून बघितली, नीट चालते ना ते. “आता हंय आसत ते.”

मी तिच्या हातातली कोथिंबीर घेतली, उगाच, काहीतरी हातात हवं म्हणून. मग जे इतके महिने विचारलं नव्हतं ते विचारायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं.

“मग गणपतीला तुम्ही कपडे कशातून न्याल?”

ती स्वयंपाकघराकडे निघाली होती. मागे वळून तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे काय विचारते.

“चार दिवसांक दोन लुगडी काय ती,” ती म्हणाली. “तुझ्याच पिशयेत घाल गो. वेगळी कशाक होयी?”